टिचूचं दार आणि ट्रकचे पुढचे टायर

घाटाच्या पायथ्याशी टायरचं दुकान. दुकान शेवंतामावशीचं. दुकानासमोर धूळच धूळ. धुळीत एक बीळ. बिळात कोण राहतं? टिचू उंदीर. टिचभर अंग, हातभर शेपूट आणि तोंड सारखं चालू.

एकदा टिचूला सापडली शेंग. भुईमुगाची. चांगली टपोरी. त्याने ती बिळात ठेवली आणि मिशा पुसायला बाहेर आला. तेवढ्यात आला खडीचा ट्रक.

घर्र घर्र घर्र… फुस्स!

कुठे थांबला? बरोबर टिचूच्या दारावर. शेंग आत. टिचू बाहेर. मध्ये ट्रकचं पुढचं चाक. ड्रायव्हर भिकाजी उतरला आणि झाडाखाली डबा खायला बसला. त्याला काय, त्याचा डबा उघडत होता.

टिचू म्हणाला, "ट्रकदादा, ट्रकदादा, सरक जरा.
माझं दार उघडेना."

ट्रक म्हणाला, "अं हं, मी नाही सरकणार. माझे पुढचे टायर बघ. टक्कल पडलंय त्यांना. मागचे टायर ओझं वाहतात, पण मला वळवतात ते पुढचेच. ते घसरले की मी गेलो दरीत. मला भीती वाटते रे. आधी दणकट टायर आण."

टिचू निघाला. तुरू तुरू, तुरू तुरू.

दुकानात टायरच टायर. एक टायर चकचकीत. टिचूने चावून पाहिला. शी! दात काळे झाले. नुसतं पॉलिश. एक टायर गुबगुबीत. टिचूने चावून पाहिला. दात आत गेला, भस्सकन. फारच मऊ. एक टायर कोपऱ्यात, जुळ्या भावाला टेकून, धुळीने माखलेला. अंगावर खोल खोल खाचा. टिचूने चावून पाहिला. कट्ट! दात दुखला.

टिचू खूश झाला. दात दुखला म्हणून खूश होणारा हा एकटाच.

"टायरभाऊ, टायरभाऊ, चल की.
ट्रक सरकेना,
माझं दार उघडेना."

टायर म्हणाला, "अं हं, मी नाही चढणार. जुनं चाक बसलंय तिथे. मी काय त्याच्या मांडीवर बसू? आधी जॅकला सांग. तो ट्रक उचलेल."

टिचू निघाला. तुरू तुरू, तुरू तुरू.

"जॅकबुवा, जॅकबुवा, उचल की.
टायर चढेना,
ट्रक सरकेना,
माझं दार उघडेना."

जॅक म्हणाला, "अं हं, मी नाही उचलणार. चाक जमिनीवर आहे तोवर नट ढिले करायचे असतात. मी आधी उचललं तर चाकच फिरत बसेल, गरगर गरगर. नट तिथल्या तिथे. आधी पान्याला सांग."

टिचू निघाला. तुरू तुरू, तुरू तुरू.

"पानेकाका, पानेकाका, फिर की.
जॅक उचलेना,
टायर चढेना,
ट्रक सरकेना,
माझं दार उघडेना."

पाना म्हणाला, "अं हं, मी नाही फिरणार. मला हात आहेत का? फिरवायला हात लागतात. आधी शेवंतामावशीला उठव."

टिचू निघाला. तुरू तुरू, तुरू तुरू.

मावशी बाजेवर झोपली होती. घुर्र… घुर्र… टिचूने काय करावं? शेपटीने तळपायाला गुदगुल्या केल्या. मावशीने एकच डोळा उघडला.

"मावशी, मावशी, ऊठ की.
पाना फिरेना,
जॅक उचलेना,
टायर चढेना,
ट्रक सरकेना,
माझं दार उघडेना."

मावशी म्हणाली, "अं हं, मी नाही उठणार. सकाळपासून पंक्चरच काढतेय. चहाशिवाय माझा हात चालत नाही. आधी किटलीला सांग." आणि तिने तो एक डोळाही मिटला.

टिचू निघाला. तुरू तुरू, तुरू तुरू.

"किटलीताई, किटलीताई, चहा कर की.
मावशी उठेना,
पाना फिरेना,
जॅक उचलेना,
टायर चढेना,
ट्रक सरकेना,
माझं दार उघडेना."

किटली म्हणाली, "अं हं, मी नाही करणार. साखर आहे. पत्ती आहे. आलंसुद्धा आहे. दूध कुठंय? आधी शेळीला सांग."

टिचू निघाला. तुरू तुरू, तुरू तुरू. आता पाय जरा दुखायला लागले होते, पण शेंगेचा वास नाकात होता.

शेळी काय करत होती? ट्रकचा काळा गोंडा चघळत होती.

"शेळीबाई, शेळीबाई, दूध दे की.
किटली चहा करीना,
मावशी उठेना,
पाना फिरेना,
जॅक उचलेना,
टायर चढेना,
ट्रक सरकेना,
माझं दार उघडेना."

शेळी म्हणाली, "अं हं, मी नाही देणार. माझ्या शिंगांच्या मधे खाजतंय. माझा पाय तिथवर पोचत नाही. आधी कोणीतरी खाजवा."

टिचूने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कोणीच नाही. मग त्याने स्वतःचे पंजे पाहिले. छोटे छोटे. टोकदार टोकदार.

टिचू शेळीच्या पायावरून चढला. पाठीवरून चालला. शिंगांच्या मधे ऐटीत बसला. खर्र खर्र, खर्र खर्र.

शेळीचे डोळे मिटले. तोंडातला गोंडा पडला. ती म्हणाली, जरा डावीकडे. टिचूने डावीकडे खाजवलं. ती म्हणाली, हां, तिथेच, तिथेच.

टिचू थांबला.

"का रे थांबलास?"

टिचू म्हणाला, "अं हं, मी नाही खाजवणार. आधी दूध."

मग काय!

शेळीने दूध दिलं. चुळुक चुळुक.
किटलीने चहा केला. खदखद खदखद.
मावशी चहा प्यायली. भुर्र भुर्र.
मावशी उठली.

डबा खाऊन भिकाजीही आला. त्याने लगेच चकचकीत टायरकडे बोट दाखवलं. म्हणाला, हाच लाव मावशी, माझ्या ट्रकच्या रंगाला शोभेल.

मावशीने टायर पाहिले. चकचकीत टायरचं पॉलिश निघालं होतं. खाली सगळ्या भेगा. गुबगुबीत टायरला भोक पडलं होतं. धुळीने माखलेल्या टायरला काहीच झालं नव्हतं. त्याच्यावर टिचू बसला होता, दात चोळत.

मावशी म्हणाली, "ज्याच्यात उंदराचा दात शिरला नाही, त्याला खडी काय करणार? पुढे हाच लावायचा. शोभेचा तू आरशाला लाव."

भिकाजीने बोट खाली घेतलं.

पाना फिरला. करकर करकर.
जॅकने उचललं. खटक खटक.
टायर चढला. एक डावीकडे, त्याचा जुळा भाऊ उजवीकडे.

नट घट्ट झाले. जॅक खाली बसला. नव्या चाकांपुढे मावशीने लिंबं ठेवली. भिकाजीने नारळ फोडला. फट्ट! मग तो ट्रकमध्ये चढला.

ट्रक सरकला. घर्र… पच्च! लिंबं झाली चपटी.

आणि टिचूचं दार उघडलं.

टिचू आत धावणार, तोच मावशीने त्याला थांबवलं. "टायर ज्याने निवडला, पहिलं खोबरं त्याचं," ती म्हणाली, आणि तिने दारासमोर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. टिचूपेक्षा मोठा.

तुकडा काही बिळात मावेना. मग टिचूने काय केलं? दारातच बसून खाल्ला. कुरूम कुरूम, कुरूम कुरूम. सगळाच्या सगळा. भिकाजीला विचारलंसुद्धा नाही.

मग टिचू बिळात शिरला. डोकं गेलं. पंजे गेले. पोट काही जाईना. तोंड आत, शेपूट बाहेर. पुढे जाता येईना, मागे येता येईना.

पण शेंग? शेंग तर अगदी नाकासमोर.

मग अडकल्या अडकल्या टिचूने शेंगही खाल्ली.

ट्रक चढला घाट, जरासुद्धा न घसरता. टिचूचं पोट झालं माठ, आता निघेल उद्या सकाळी. तुम्ही मात्र झोपा पाठोपाठ.