काठावरची दुरुस्ती

एकदा एक तरुण नदीपलीकडच्या मुलखातून एका वृद्ध नावाड्याकडे नाव चालवायला शिकण्यासाठी आला. त्याची भाषा तेलुगू, गुरूची मराठी. नदीचे पात्र खडकांनी भरलेले. शिष्याने नावेच्या पुढच्या टोकाला उभे राहून पाणी निरखायचे, दिसेल ते मोठ्याने सांगायचे आणि मागे सुकाणू धरलेल्या गुरूने नाव वळवायची, अशी तिथली रीत होती.

शिष्याची नजर तीक्ष्ण होती. पण तोंड उघडण्यापूर्वी तो प्रत्येक शब्द मनात तपासून घेई. हे बरोबर आहे ना? लोक हसतील का? एके दिवशी खडक दिसला, वाक्य जुळवण्यात दोन क्षण गेले आणि नावेचा तळ खरवडला. नावेत एकच उतारू होता, कापडाचा व्यापारी. पांढराफटक पडलेला तो उसने हसू आणत म्हणाला, "याचं वाक्य शिजेपर्यंत आपण तळ गाठणार, बुवा."

शिष्य शरमेने मुकाच झाला. खरा अवघड टप्पा तर पुढेच होता. तेवढ्यात गुरूने डोक्याचे मुंडासे सोडले आणि स्वतःच्या डोळ्यांवर घट्ट बांधले.

"अहो, हे काय करताय?" व्यापाऱ्याचा आवाज फाटला. "मला पोहता येत नाही हो."

"मग शेठ, आता हसू नका. तो काय सांगतो ते मला ऐकू द्या."

प्रवाहाने नाव ओढली. पाण्याखाली एक काळी पाठ दिसली. शब्द तपासायला शिष्याला वेळच नव्हता. "उजवी... उजवी घ्या, बंडा, मोठा बंडा," तो ओरडला. खडकाला त्याच्या भाषेत बंडा म्हणतात. नाव वळली. "आता डावी. नको, थांबा. थोडी. हां, जाऊ द्या." शब्द मोडके होते, अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे, आणि फळी गच्च धरलेला व्यापारी त्यातला एकेक शब्द जिवाचा कान करून ऐकत होता.

नाव काठाला लागली. व्यापारी उतरून गेला. शिष्य वाळूत बसला.

"बाबा, माझं चुकलं असतं तर? डोळे का बांधलेत?"

"बांधले नसते तरी फार फरक पडला नसता," गुरू म्हणाला. "पावसाळ्यापासून मला समोरचं धूसर दिसतं. तुझ्या आवाजावरच नाव हाकतोय. तू गप्प झालास की मी आंधळा होतो. तुझ्या मनात एक पहारेकरी आहे, तो प्रत्येक शब्द अडवतो. तो वाईट नाही. त्याच्यामुळेच तू एक दिवस माझ्याहून चांगलं बोलशील. पण त्याला काठावर बसव. धारेत त्याचं काम नाही."

शिष्याला मागच्या कित्येक फेऱ्यांतले आपले मौन आठवले आणि त्याच्या अंगावर काटा आला. मग तो हळूच म्हणाला, "मघाशी मी जे ओरडलो, ते नीट कसं म्हणायचं?"

गुरूने सांगितले. शिष्याने ते दोनदा म्हणून पाहिले.

अडखळत बोलणाऱ्याला आपण मध्येच टोकतो, हसतो. तो आपल्याला कशापासून सावध करतो आहे, ते आधी ऐकावे. दुरुस्तीला नंतर वेळ मिळतो, ऐकायला मिळेलच असे नाही.