बर्फ वाचणारा वाटाड्या

गांधार देशात ब्रह्मघोष नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हिमवंतातल्या एका खिंडीखाली वाटाड्याच्या कुळात जन्मला होता. केस पिकेपर्यंत त्याने शेकडो माणसे खिंडीपार नेली.

अनुलाने त्याची कीर्ती ऐकली होती. पाच वर्षे तक्षशिलेत मामाच्या घरी राहून ती वैद्यकी शिकली होती. खिंडीपलीकडे तिच्या गावात तापाची साथ होती आणि तिचा धाकटा भाऊ अंथरुणाला खिळला होता. असा वाटाड्या म्हणजे वाघाच्या काळजाचा माणूस. आपली हकीकत ऐकताच तो काठी उचलून चालू लागेल, असे तिला वाटले होते. तिला दिसला तो छातीइतक्या खोल खड्ड्यात उभा राहून बर्फाच्या भिंतीवरून बोट फिरवणारा म्हातारा.

"बाबा, निघायचं कधी?"

"आधी इथे हात घाल," बोधिसत्त्व म्हणाला.

वरचा थर फळीसारखा टणक होता. त्याखालचा बर्फ मात्र जाड्या मिठासारखा सुटा होता. बोट लागताच तो घरंगळला.

"ही फळी परवाच्या वाऱ्यानं आणून टाकली. खालचं मीठ तिला धरत नाही. माणसाचा भार पडला की सगळी निसटेल."

"मग किती दिवस थांबायचं?"

"ते मला सांगता येत नाही. डोंगराच्या धारेवरून वाट आहे, तिथे वारा बर्फ टिकू देत नाही. पण सहा दिवस लागतात."

"ताप सहा दिवस थांबत नाही, बाबा."

"मेलेला वैद्यही औषध देत नाही, पोरी."

व्यापाऱ्यांच्या तांड्याचा नायक कोटिक हे ऐकत उभा होता. तो हसला. "म्हातारा स्वतःसाठीच खड्डा खणतोय वाटतं. अहो, काल या उतारावरून चमरी गाईंचा कळप गेला. ती बघा पावलं. एवढ्या गाई पेलल्या, आम्हीच जड झालो होय?"

"त्या गेल्या एवढंच पावलं सांगतात. नंतर उतारात किती बळ उरलं, ते सांगत नाहीत."

तांड्यातले काही जण कचरले. तेव्हा अनुलाच पुढे झाली. भिऊन बसलेल्याने आजवर कुणाला वाचवले, असे तिने विचारले. आजाऱ्यांबद्दल ती इतकी कळकळीने बोलली की कचरलेल्यांना स्वतःची लाज वाटली.

त्या तांड्याची रीत अशी, की अवघड जागी सगळ्यांनी कमरेला एकच दोर बांधायचा.

"जायचंच असेल तर दोर सोडा," बोधिसत्त्व म्हणाला. "एकेकानं जा, बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवा. निदान खणून काढायला कुणी तरी उरेल."

"दोर सोडणं म्हणजे साथ सोडणं," कोटिक म्हणाला. "आमच्यात तसं करत नाहीत."

नऊ जण निघाले. अनुला सर्वांत मागे होती. बोधिसत्त्व दोर न बांधता उताराच्या कडेपर्यंत तिच्यामागे गेला. पुढचे आठ जण मधोमध पोचले, तेव्हा बर्फाखालून धप्प असा आवाज आला. कोटिकच्या वरच्या बाजूला बर्फात एक भेग उमटली आणि उतारभर पळत गेली. दोर ताणला. अनुला आडवी पडली आणि ओढली जाऊ लागली. बोधिसत्त्वाने सुरीने तिच्या कमरेजवळचा दोर कापला.

मग काही दिसेना. धुरळा बसला तेव्हा उतारावर माणूस नव्हता.

वर अर्धा बर्फ अजून लोंबत होता, तरी बोधिसत्त्व खाली उतरला. अनुलाही उतरली. दोराचे एक टोक वर आले होते. तो धरून ती दोघे खणत गेली, एका प्रेतापासून दुसऱ्या प्रेतापर्यंत. चौथा माणूस श्वास घेत होता. अनुलाने त्याला उराशी धरले. दिवस मावळताना तोही गेला.

"मीच त्यांना भरीस घातलं," ती म्हणाली. "मग मलाच का वाचवलंत?"

"सुरी तुझ्यापर्यंतच पोचली," बोधिसत्त्व म्हणाला.

सकाळी अनुलाने उरलेल्या उताराच्या काठाशी स्वतः खड्डा खणला. मिठासारखा थर लागेपर्यंत ती खणत राहिली. त्यात हात घालून ती बराच वेळ उभी होती. मग तिने औषधांची पिशवी पाठीवर घेतली आणि सहा दिवसांच्या वाटेकडे वळली.

ही पूर्वजन्मीची कथा भिक्षूंना सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कोटिक म्हणजे काल पुरात उतरून सोबत्यांसह बुडालेला भिक्षू सुदंत. अनुला म्हणजे काठावर त्यांना अडवीत राहिलेली ही भिक्षुणी सुमना. वाटाड्या मी होतो. त्या जन्मी मी प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची परिपूर्णता, आचरली. पण तिने त्या दिवशी आठ जणांना तारले नाही, हेही ध्यानात ठेवा."