अंसाबाईकडे राहिलेली भांडी

एक होतं गाव, सोनवडी. तिथली रीत अशी, की शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. वाटीतून खीर आली, की वाटीतून लाडू जायचे. लाडू संपले, की चिवडा यायचा. एक वाटी तर बारा वर्षं दोन घरांत नुसती ये-जा करत होती. खोटं वाटतं? त्या वाटीला विचारा!

गावाच्या टोकाला अंसाबाई टोपल्या विणायची. त्या साली बांबूला फुलोरा आला आणि अख्खं बन वाळून गेलं. बांबू नाही, मग टोपल्या नाहीत. टोपल्या नाहीत, मग दाणे नाहीत. घरात दोन चिमणी पोरं. पण सांगणार कुणाला? दारात उभी राहून ती हसायची, बरं का, पोट भरल्यासारखी.

मग शेजारच्या चिमाकाकूंनी वाटीभर खीर धाडली. पोरांनी वाटी चाटूनपुसून लख्ख केली. आता परत काय घालून द्यायचं? अंसाबाईनं वाटी फळीवर ठेवली. मग सुतारणीचं भाजीचं पातेलं आलं. तेही फळीवर. मग पाटलीणबाईंचा ताकाचा तांब्या आला. रिकामं द्यावं तर रीत मोडते, ठेवून घ्यावं तर चोर ठरते!

झालंही तसंच. चावडीवर बोभाटा झाला, "अंसा भांडी ढापते!" राजाचा हुकूम सुटला, चोरानं पोराबाळांसकट गाव सोडायचं.

मग शिपाई आला. मागोमाग सगळं गाव. अंसाबाई पोरांना पाठीशी घालून उभी. शिपायानं वाटी उचलली, आणि काय सांगू, वाटी रडायला लागली! मग पातेलं रडायला लागलं. मग तांब्यानं तर असा गळा काढला, की शिपायाचं पागोटंच पडलं.

वाटी म्हणाली, "तीन दिवस इथं चूल पेटली नाही. आम्हाला रिकाम्या पोटी घरी कसं धाडणार ही?"

कुणी कुणाकडे बघेना. मग चिमाकाकू पुढे आल्या.

"अगं बये, वाटी रिकामीच द्यायचीस! मला कळलं तरी असतं, पुन्हा भरून आणायची ते."

शिपायानं हुकूम पागोट्यात खोचला आणि चालता झाला.

तेव्हापासून सोनवडीची रीत बदलली. रिकामं भांडं आलं, की कुणी नाक मुरडत नाही. गुपचूप भरतात आणि मागच्या दारानं धाडतात. नवा बांबू वर आला, तशी अंसाबाई पुन्हा विणायला बसली. पोरं पोटभर जेवून गाढ झोपली.

तुम्हीही जेवलात ना? मग मिटा डोळे.