कुऱ्हाडीचा कौल

ही गोष्ट फार जुनी, निरोप माणसांच्या पायांनी जायचे तेव्हाची. एका डोंगराळ राज्यात राजाचा एक जासूद होता. राजाचा निरोप घेऊन तो घाट चढायचा, दऱ्या उतरायचा, नद्या ओलांडायचा. निरोप आनंदाचा असो की मरणाचा, जसा मिळाला तसाच पोचवायचा. त्यात पदरचं काही घालायचं नाही आणि त्यातलं काही गाळायचं नाही. एवढा एकच नेम त्यानं आयुष्यभर पाळला होता.

चालता चालता तो म्हातारा झाला. टाचांना भेगा पडल्या, गुडघे बोलायला लागले. साधा उंबरठा ओलांडायचा तरी तो आधी त्याच्याकडे बघून उसासा टाकायचा. राजानं त्याला चाकरीतून मोकळं केलं आणि म्हणाला, "काय हवं ते माग."

दुसऱ्या कुणी सोनं मागितलं असतं, गाव मागितलं असतं. जासूद म्हणाला, "महाराज, माझ्या घरात लाकडाची जमीन हवी."

राजाला हसू आलं. पण राजे हसतात त्या सगळ्याच गोष्टी हसण्यासारख्या नसतात. त्या डोंगरात पाऊस एकदा लागला की दसऱ्यापर्यंत हटायचं नाव घ्यायचा नाही. शेणानं कितीही सारवा, जमीन खालून पाझरायची. पाय टेकला की ओल हाडात शिरायची. जासुदाची बायको आषाढ लागला की भिंत धरून चालायची, आणि थंडी सरेपर्यंत तिची बोटं सरळ व्हायची नाहीत. नवऱ्याचं सगळं आयुष्य परक्यांच्या दारात गेलं, तेव्हा ती एकटीच त्या ओलीत निजली होती. "या चाकरीतून सुटलो ना, की तुला कोरड्या जमिनीवर निजवीन," असा शब्द त्यानं तिला तरुणपणीच दिला होता.

"रानातलं तुला आवडेल ते एक झाड तुझं," राजा म्हणाला.

गावात एक म्हातारा सुतार होता. त्यानं जासुदाचं घर पाहिलं, जमिनीला तळवा लावला आणि तिथंच फतकल मारून बसला.

"माझं ऐकाल तर झाड पाडू नका," सुतार म्हणाला. "नदीवरचा लाकडी पूल मोडून महाराज तिथं दगडी पूल बांधणार आहेत. त्या जुन्या फळ्यांनी ऊनपाऊस पोटभर खाल्लाय. त्या आता वाकायच्या नाहीत की फाटायच्या नाहीत. पावसाळा उलटला की पूल सुटेल. मी रंधा मारून देतो."

"पावसाळा उलटल्यावर?" जासूद म्हणाला. "म्हणजे हाही पावसाळा हिनं ओलीतच काढायचा?"

"मग यंदापुरता बांबू घाला. खालच्या उतारावर बेट माजलंय. कापला तरी पुन्हा फुटतो, रानाला कळतसुद्धा नाही. फोडून, ठोकून, चटईसारखा पसरू."

"आयुष्यभर धर्मशाळेतल्या बांबूवरच निजलो, सुतारबाबा. आता नको."

आतून त्याची बायको म्हणाली, "अहो, इतकी वर्षं काढली, एका पावसाळ्यानं काय होतंय?" पण जासुदाच्या कानांनी ते ऐकलं नाही. दमलेल्या माणसाला थांब म्हणून सांगणं फार अवघड असतं. चाल म्हटलं तर तो एक वेळ चालेल, पण मुक्काम समोर दिसत असताना थांबणार नाही.

त्यानं झाड आधीच हेरून ठेवलं होतं. वरच्या रानात एक जुना ऐन होता. चार माणसांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा, सरळ सोट. एका झाडात माजघर आणि ओसरी, दोन्ही होतील.

त्या गावात झाड पाडण्याची एक रीत होती. ज्याच्या घरात लाकूड जायचं, त्यानंच संध्याकाळी जाऊन बुंध्याला कुऱ्हाड टेकवून उभी करायची. पाखरं निजेपर्यंत झाडाखाली बसायचं, मगच घरी यायचं. पहाटे पाखरं उठायच्या आत पुन्हा जायचं. कुऱ्हाड उभी असली तर झाडाचा होकार, आणि पडलेली असली तर पुढच्या अमावास्येपर्यंत थांबून पुन्हा कौल लावायचा. दुसऱ्यांदाही पडली तर त्या झाडाचं नाव सोडायचं.

चैत्रातल्या एका संध्याकाळी जासूद कुऱ्हाड घेऊन रान चढला. वर पोचेपर्यंत त्याला धाप लागली. कुऱ्हाड टेकवली, वर पाहिलं, तर नुसता पानांचा काळोख. बसावं तर खाली खडे आणि मुळ्या, आणि अंधारात उतरायचं म्हणजे पायांचे हाल. 'कौल काय तो कुऱ्हाड देणार, मी बसून काय करू?' असं मनाशी म्हणत तो तसाच घरी परतला.

दुसऱ्या दिवशी तो वर पोचला तेव्हा उन्हं आली होती. कुऱ्हाड आडवी पडली होती.

तो कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. म्हणजे पुन्हा अमावास्येची वाट, पुन्हा ही चढण, पुन्हा ही उतरण. मग झाड कधी पाडायचं, करवतायचं कधी, फळ्या कधी घालायच्या? तोवर पाऊस दाराशी आलेला असणार. त्याचे पाय ठणकत होते, आणि बायकोची वाकडी बोटं त्याच्या डोळ्यांसमोर होती.

"वाऱ्यानं पडली असेल," तो स्वतःशीच म्हणाला. त्यानं कुऱ्हाड उचलली, बुंध्याला टेकवली, पुन्हा घसरू नये म्हणून दांड्याला एका दगडाचा टेकू दिला आणि खाली येऊन सुताराला हाक मारली.

"कुऱ्हाड उभी होती?" सुतारानं विचारलं.

"उभी आहे. येऊन बघा," जासूद म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं निरोप बदलून पोचवला.

ऐन पडला तेव्हा अख्खं रान हादरलं. पडता पडता वरची फांदी खडकावर आपटून फुटली आणि तिच्या पोटातली ढोली उघडी झाली. ढोलीचं तोंड मातीनं लिंपलेलं होतं, मधे चोच जाईल एवढी एक फट. आत धनेशाची मादी होती आणि तिच्या पोटाखाली दोन पिलं. तिघंही गेली होती.

धनेश पाखराची तऱ्हा तुम्हाला ठाऊक असेल. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. आत ती आपली पिसं गाळते, तिला उडता येत नाही. नर दिवसभर फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो. त्याच्यावर भरवसा ठेवूनच ती आपलं दार बंद करते.

सुतारानं करवत खाली ठेवली. तो म्हणाला, "आणखी एक अमावास्या गेली असती, तर ही मादी पिलं घेऊन बाहेर पडली असती."

"पण कुऱ्हाड..."

"कुऱ्हाड वाऱ्यानं पडते, उदमांजराचा धक्का लागला तरी पडते. कुऱ्हाडीला काय कळतंय? तिच्या निमित्तानं माणूस दोन वेळा झाडाखाली बसतो. वर कोण येतं, कोण जातं, ते बघतो. संध्याकाळी नर फळं घेऊन येतो. तुम्हाला नाही दिसला?"

जासूद ढोलीकडे पाठ करून उभा राहिला. सुतारानं ओळखायचं ते ओळखलं. त्यानं लाकूड कापून दिलं, कारण पडलेलं झाड काही पुन्हा उभं राहत नाही.

पावसाच्या आधी जमीन झाली. माजघरापासून ओसरीपर्यंत तांबूस, गुळगुळीत. त्या पावसाळ्यात जासुदाची बायको भिंत न धरता चालली. रोज रात्री ती फळीवर हात फिरवायची आणि म्हणायची, "किती ऊब आहे हो!" जासूद मान हलवायचा, पण त्याला झोप लागत नसे. हे सुख आपण कुणाच्या तोंडचं काढून आणलंय, ते त्याला माहीत होतं आणि तिला नव्हतं.

थंडी आली तसं ओलं लाकूड सुकू लागलं. फळ्या आखडल्या, कडा वर आल्या, मधे फटी पडल्या. ज्या पायांसाठी सगळा खटाटोप केला, त्याच पायांना उठता बसता ठेचा लागू लागल्या. पलीकडच्या कुंभारानं पुलाच्या जुन्या फळ्या घरात घातल्या होत्या. जासूद एकदा त्याच्याकडे गेला आणि अनवाणी चालून आला. जमीन पाण्यासारखी सपाट होती.

फाल्गुनात एका सकाळी ओसरीवर मोठ्या पंखांचा आवाज झाला. जासुदानं पाहिलं, तर एक धनेश फळ्यांवरून उड्या मारत चालला होता. चोचीत पिकलेलं उंबर. फळ्यांचा वास घेतल्यासारखं करत तो एका फटीपाशी थांबला, मान वाकडी केली आणि उंबर हळूच फटीत सारलं. मग कान देऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तिसऱ्या दिवशीही आला. शेवटी जासुदाला राहवेना. "काय करतोस रे?" त्यानं विचारलं.

"भरवतोय," धनेश म्हणाला. "आमचं झाड जागेवर नव्हतं. शोधत शोधत इथं आलो. वास तोच आहे, फटही आहे. पण ती चोच पुढे करत नाही. त्या दिवशी मला उशीर झाला होता, म्हणून रागावली असेल. तुम्ही याच घरात राहता. माझा निरोप तिला सांगाल?"

जासूद फळीवर बसला. मरणाचे किती निरोप त्यानं पोचवले होते! कुणाचा मुलगा, कुणाचा धनी. पण ते सगळे दुसऱ्यांचे निरोप होते. हा त्याचा स्वतःचा होता, आणि वर्षभर त्यानं तो दाबून ठेवला होता.

"ती रागावलेली नाही, बाबा," तो म्हणाला. "ती नाही. पिलंही नाहीत. झाड मी पाडलं. कुऱ्हाड पडली होती. मीच ती उचलून उभी केली. मला पुन्हा चढायचा कंटाळा आला होता."

आत चुलीपाशी बसलेल्या बायकोनं ते ऐकलं. तिच्या हातातलं फुंकणीचं नळकांडं खाली पडलं.

धनेशाच्या चोचीत अजून एक उंबर होतं. "मग हे मी आता कुठं ठेवू?" त्यानं विचारलं.

जासुदानं हात पुढे केला. धनेशानं उंबर त्याच्या तळहातावर ठेवलं आणि तो उडून गेला. त्यानंतर तो कधी आला नाही.

पाऊस पडला तशी फळ्यांच्या फटींतून इवली इवली हिरवी पानं वर आली. धनेशानं भरवलेली उंबरं रुजली होती. सुतार म्हणाला, "लाख आणि भुसा भरून फटी बुजवून देतो, पायांना लागणार नाहीत."

"राहू देत," जासूद म्हणाला. त्यानं एकेक रोप मातीसकट अलगद सोडवलं, टोपलीत ठेवलं आणि काठी घेऊन वरच्या रानाची वाट धरली. ऐनाच्या उरलेल्या खुंटाभोवती ती रोपं लावली. गुरं खातील म्हणून काट्यांचं कुंपण केलं. उन्हाळा आला तेव्हा खालून घागरीनं पाणी न्यायला लागला. खुंटाजवळच्या मातीत शोधून ऐनाचं बी गोळा केलं, तेही लावलं. चढताना बसायचा, धापा टाकायचा, पुन्हा चढायचा. चाकरीत असताना त्याला निदान मुक्काम तरी असायचा, आता तोही नव्हता.

"अहो, हे फेरे कधी संपायचे?" एका संध्याकाळी त्याच्या पायांना तेल लावता लावता बायकोनं विचारलं.

"ढोली धरण्याएवढं झाड होईल तेव्हा."

"तेवढं तुम्ही जगणार नाही, मी पण नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला.

तिनं तेलाची वाटी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यानं घागर उचलली तेव्हा दुसरी घागर तिच्या कमरेवर होती. तिची बोटं पुन्हा वाकडी झाली होती, तरीही ती चढली. मधेमधे दोघं एकमेकांना धरून उभी राहायची, आणि मग पुन्हा वाटेला लागायची.

असाच एके दिवशी तो जासूद त्या वाटेवर बसला आणि पुन्हा उठला नाही. एक चढण वाचवायला गेलेला माणूस उरलेला सगळा जन्म तीच चढण चढत राहिला. त्या गावात आजही कुणाला घरात लाकूड घालायचं असेल तर आधी विचारतात, जुन्या फळ्या कुठं निघतायत का, बांबूनं भागेल का. आणि झाडच लागणार असेल, तर म्हातारी माणसंसुद्धा पाखरं निजेपर्यंत त्याच्याखाली बसून राहतात.

तात्पर्य: आपल्या पायाखालची ऊब कुणाच्या डोक्यावरचं छप्पर काढून येत नाही ना, हे बघायला जो थांबत नाही, त्याला पुढे कधीच थांबता येत नाही.