टेबलाच्या पलीकडून

“मग काय, मंत्रिपदावर पाणी सोडू, अप्पा?”

जयसिंग खरातने विचारलं. अप्पासाहेब धोंगडे चष्मा पुसत राहिले.

अप्पा आमच्या तालुका कोर्टातले सगळ्यात जुने वकील. जयसिंग आणि मी त्यांचे ज्युनिअर. मी वकीलच राहिलो, तो दुसऱ्यांदा आमदार झाला. माणूस खणखणीत. अडल्यानडल्यांचे खटले त्याने फुकट लढवले, आणि तेही असे, की न्यायाधीश पंखा बंद करायला लावून ऐकत. आमदार झाला तरी त्याचं दार कुणाला बंद नव्हतं. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे.

दुसऱ्या दिवशी विधानसभेत विधेयक येणार होतं. गावोगावची गायरानं कारखान्यांना देण्याचं. सरकारची बाजू मांडायला पक्षाने जयसिंगला निवडलं होतं. भाषण रंगलं की मंत्रिपद नक्की. मतदारसंघातल्या मेंढपाळांनी मेंढरं चारायची कुठं, हे विचारायला कुणालाच सवड नव्हती.

त्याने भाषण वाचून दाखवलं. बिनतोड होतं. अप्पांनी तसं सांगितलंही.

“मग आशीर्वाद द्या.”

“रिवाज विसरलास?”

अप्पांच्या ऑफिसात तारखेच्या आदल्या संध्याकाळी ज्युनिअरने टेबलाच्या पलीकडे जायचं, आणि समोरच्या बाजूचा वकील होऊन आपलीच केस फोडायची. त्याशिवाय अप्पा कुणाला कोर्टात उभं राहू देत नसत.

जयसिंग हसला. “अप्पा, हे कोर्ट नाही.”

अप्पांनी काठीने पलीकडे खूण केली...

तो गेला. सुरुवातीला सवयीने बोलला, कलमं, निवाडे. मग गायरानावर आला. उन्हाळ्यात बिरू कोळेकरने कळप कुठं न्यायचा, तुळसाबाईने दावणीच्या दोन शेरडांना काय घालायचं, असं नावं घेऊन विचारू लागला. आवाज चढला नाही, उलट खाली आला. मघाचं बिनतोड भाषण मुद्द्यामुद्द्याने ढासळत गेलं, आणि ते त्यालाही कळत होतं.

थांबला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. खरं सांगायचं तर माझेही.

त्याने टेबलावरचे भाषणाचे कागद उचलले.

“अप्पा, उद्या यातलं कुठलं करू?”

अप्पा काठी टेकत उठले.

“आत्ता जो बोलला ना, मी मत त्याला दिलं होतं.”