बिनउंबऱ्याचं देऊळ

भोगाळीच्या देवळात शिरताना परगावचा माणूस एकदा तरी अडखळतो. अडखळावं असं तिथं काही नाही, म्हणूनच अडखळतो. दगडी देऊळ म्हटलं की दाराला उंच उंबरा असायचाच, हे पावलांना ठाऊक असतं. पाऊल सवयीनं वर जातं आणि सपाट जमिनीवर धपकन पडतं. चौकटीच्या दोन्ही बाजूंना खाचा आहेत, खाली पांढऱ्या मातीचा पट्टा आहे, पण उंबरा नाही. चोरीला गेला का, असं बरेच जण विचारतात. चोरीला नाही गेला. देवीनं तो देऊन टाकला, असं सांगतात. कुणाला आणि कशासाठी, ते ऐका. चपला काढून पायरीवर टेका जरा.

भोगाळी तेव्हा तटाबुरुजांचं मोठं शहर होतं. अठरा आळ्या, चार वेशी आणि तांबटांची पेठ. भांडी ठोकल्याचा आवाज म्हणे दोन कोसांवर ऐकू जायचा. पौषातल्या एका दुपारी, माणसं रानात ज्वारीची राखण करत असताना, जमीन हलली. जात्यावरचं दळण संपायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. रानातली वाचली. घरात होती ती म्हातारी, लेकुरवाळी गेली. तट गेला, वेशी गेल्या, देवळाचं शिखर खाली आलं. देवी आणि तिच्या दाराची चौकट तेवढी उभी राहिली.

दुःख ओसरल्यावर घरं उभी राहायला हवी होती. ती राहिली नाहीत. दगड सगळे एकमेकांत मिसळले होते, आणि जो तो आपल्या ढिगावर काठी घेऊन बसला. हा दगड माझा, तो तुझ्या बापाचा नाही. एका भिंतीला चार घरांचे दगड लागत आणि चारही घरं देत नसत. दगडाच्या खाणीत भूकंपानं पाणी लागलं होतं, त्यामुळे नवा दगडही निघेना. थंडी गेली, ऊन तापलं, तरी सगळी भोगाळी उघड्यावरच होती.

त्या ढिगांत ओळखू येण्यासारखे दगड म्हणजे उंबरे. गावातले सगळे उंबरे एकाच पाथरवटानं घडवलेले होते, आणि तो त्या दुपारी भिंतीखाली गेला होता. प्रत्येक उंबऱ्यावर त्यानं एकेक कमळ कोरलं होतं. कुणाचं पाच पाकळ्यांचं, कुणाचं सातांचं, कुणाची कळी डावीकडे झुकलेली. कोणतं कमळ कोणाच्या दारचं, हे आता एकाच माणसाला ठाऊक होतं: त्याची बायको साळूबाई. लोक तिच्याकडे निवाड्याला येऊ लागले. पहिला निवाडा तिनं खरा केला. हा उंबरा थोरल्याचा, म्हणाली. त्यावरून दोन सख्ख्या भावांत अशी जुंपली की धाकट्याचं डोकं फुटलं.

दुसऱ्या दिवशी साळूबाई नवऱ्याची छिन्नी घेऊन देवळाशी आली. दाराबाहेरूनच तिनं देवीची ओटी भरली. खणानारळाबरोबर छिन्नी ओटीत घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, माझी ओळख तुझ्या ओटीत घातली. आजपासून मला एकही उंबरा ओळखू येत नाही."

गर्दीत गणोबा तांबट होता. बायको आणि लेक गेल्यापासून त्याची जीभ कडू झाली होती. तो म्हणाला, "वैनी, ओळख घातलीत, मग आपला स्वतःचा उंबराबी घाला की ओटीत. का तो तेवढा ओळखू येतो?"

"येत होता, भाऊजी," साळूबाई म्हणाली. "अकरा पाकळ्यांचा." तिनं चार माणसं बोलावली आणि तो उंबरा उचलून कुंभारणीच्या पडक्या दारात नेऊन ठेवला. कुंभारीण लाजली. तिनं आपला म्हणून राखून ठेवलेला उंबरा शेजारच्या साळ्याच्या दारात ठेवला, साळ्यानं आपला पुढच्या दारात. असं करत उंबरे दारोदार फिरले. स्वतःचा उंबराच दुसऱ्याच्या दारात गेल्यावर भिंतीचे दगड कोण अडवून धरणार? महिन्याभरात काठ्या खाली ठेवल्या गेल्या आणि भिंती वर चढू लागल्या.

त्याच दिवशी साळूबाईनं आणखी एक व्रत धरलं होतं. गावातल्या शेवटच्या घराला उंबरा लागेपर्यंत मी कुठलाही उंबरा ओलांडणार नाही. लोकांनी तिलाही घर बांधून दिलं, पण ती त्यात गेली नाही. देवळासमोरच्या लिंबाखाली तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत राहिली.

दोन वर्षांत भोगाळी उभी राहिली. एकच दार उरलं, ते गणोबाचं. भूकंपात काही फुटल्यामुळे उंबरे पुरले नव्हते, आणि त्याला उंबरा नकोच होता. "उंबरा येणाऱ्याजाणाऱ्याला लागतो," तो म्हणायचा. "माझ्याकडं कोण यायचंय? मांजरसुद्धा दोन घरं सोडून जातं."

अशात साळूबाईची लेक कौतिका पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. आईच्या नव्या घरात ती बाळंतपणाला निजली आणि आई दाराबाहेर. सकाळी कळा सुरू झाल्या. दुपार झाली तरी सुटका होईना. सुईण दारात येऊन म्हणाली, "साळूबाय, पोर तुझंच नाव घेतीया. आत ये. देवी काय राग धरायची नाही."

साळूबाईचा एक हात चौकटीवर होता. "देवी धरायची नाही," ती म्हणाली. "पण मी आत आले, तर उद्या एखादा म्हणेल, तिनं मोडलं, मग मीही माझा उंबरा परत नेतो. मग पुन्हा काठ्या निघतील." एवढं बोलून ती तिथंच खाली बसली. आतून हाक आली की ती बाहेरून ओ द्यायची. "आहे गं, बाळा. इथंच आहे."

गणोबाचं घर भिंतीला भिंत लागून. हाक आणि ओ, दोन्ही त्याला ऐकू येत होत्या. त्याच्या लेकीनंही भूकंपाच्या दुपारी हाक मारली असेल, आणि ओ द्यायला तो तिथं नव्हता. तो उठला, पहार घेतली आणि देवळाशी गेला.

"गुरव," त्यानं रखमाजी गुरवाला विचारलं, "मला एक उंबरा लागतो. आहे का कुठं?"

रखमाजीनं देवीकडे पाहिलं. मग म्हणाला, "एकच आहे. आईचा. लेकराला आईकडं यायला उंबरा कशाला हवा? ने."

आठ माणसांना न हलणारी ती शिळा दोघांच्या हातात फुलासारखी उचलली गेली, असं सांगतात. त्यांनी ती गणोबाच्या दारात बसवली. साळूबाई उठली. गणोबाच्या घरात कुंकू नव्हतं, तिच्या कपाळावरही नव्हतं, म्हणून तिनं दारातली माती बोटावर घेऊन उंबऱ्याला लावली. आत पाऊल टाकणार, तोच गणोबा म्हणाला, "माझ्याकडं मागनं या, वैनी. आधी तिकडं जावा."

साळूबाई आपल्या घराचा उंबरा ओलांडून लेकीपाशी गेली. तिनं लेकीचा हात हातात घेतला आणि घटकाभरात मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या.

बाराव्या दिवशी साळूबाई नातीला घेऊन निघाली, ती थेट गणोबाच्या दाराशी. देवीचा उंबरा ओलांडून ती पोर आधी त्याच्या घरात गेली आणि मगच तिचं नाव ठेवलं. त्या संध्याकाळी तांबट पेठेत खूप दिवसांनी ठोक्यांचा आवाज आला. गणोबा पाळण्याला टांगायला तांब्याची घुंगरं घडवत होता, म्हणे.

आजही भोगाळीत कुणी नवं घर बांधलं तर उंबरा स्वतः आणत नाही. तो शेजारी आणतात. बारशाच्या दिवशी बाळ आधी दुसऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडतं, आणि ते घर बहुतेक एकट्यादुकट्या माणसाचं असतं. आणि या दाराला आजही उंबरा नाही. दर मंगळवारी आम्ही बायका या मोकळ्या पट्ट्यावरच हळदकुंकू वाहतो. मघाशी तुमचं पाऊल वर गेलं, त्याचं काही मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांचंच जातं. आता निवांत आत या. इथं ओलांडायचं काही नाही.