ठिपकीचा तीळ तेलात

एक होती मुंगी. इवलीशी. तिचं नाव ठिपकी.

थंडीची सकाळ होती. अंगणातल्या भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली होती. तुरु तुरु, तुरु तुरु. प्रत्येकीच्या तोंडात एक तीळ. बिळात बाळं भुकेली होती.

मुंग्यांचा एक नियम होता. तोंडात ओझं असलं, की तोंड उघडायचं नाही.

भिंतीवर खोबरेल तेलाची वाटी होती. छोट्या सानूच्या अंगाला लावायला आत्यानं ठेवलेली. तेल आरशासारखं चमकत होतं. ठिपकीनं रांग सोडली. वाटीवर चढली. आत डोकावली. तोंडात तीळ धरलेली मुंगी दिसली. ठिपकीला हसू आलं. तोंड उघडलं.

टुपुक. तीळ तेलात.

गारठा वाढला. तेल थिजलं. पांढरं झालं, घट्ट झालं. तीळ आत अडकला. रांग पुढे निघून गेली.

ठिपकीनं मान खाली घातली.

"तेला तेला, वितळ ना.
तेल वितळेना, तीळ सुटेना,
बिळात बाळं भुकेली."

तेलानं विचारलं, "पडला कसा?"

"आपोआप पडला," ठिपकी हळूच म्हणाली.

तेल म्हणालं, "माझे कण गारठलेत. एकमेकांना घट्ट धरून बसलेत. वाटी कोमट पाण्यात बसली, तर सोडतील. पाण्याला सांग."

भिंतीखाली पितळी घंगाळ होतं. त्यात सानूच्या अंघोळीचं पाणी होतं. ऊन पडलं की तापेल, म्हणून आत्यानं ते तिथे ठेवलं होतं. ठिपकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. मान खाली.

"पाण्या पाण्या, ताप ना.
पाणी तापेना, तेल वितळेना, तीळ सुटेना,
बिळात बाळं भुकेली."

पाण्यानं विचारलं, "पडला कसा?"

"आपोआप पडला."

पाणी म्हणालं, "असं होय. माझे कण हात धरतात, हात सोडतात, घसरत राहतात. पण आज फार हळू. ऊन पडलं, तर जोरात नाचतील. उन्हाला सांग."

ऊन गाठायला ठिपकी भिंतीशेजारच्या पपईच्या झाडावर चढली. तुरु तुरु, तुरु तुरु. मान आणखी खाली.

"उन्हा उन्हा, पड ना.
ऊन पडेना, पाणी तापेना, तेल वितळेना, तीळ सुटेना,
बिळात बाळं भुकेली."

उन्हानं विचारलं, "पडला कसा?"

"आपोआप पडला."

ऊन म्हणालं, "मी तयार आहे गं. पण पुढ्यात धुकं बसलंय. धुक्याला सांग."

धुकं पानापानावर बसलं होतं. गुपचूप, ओलं ओलं.

"धुक्या धुक्या, हट ना.
धुकं हटेना, ऊन पडेना, पाणी तापेना, तेल वितळेना, तीळ सुटेना,
बिळात बाळं भुकेली."

धुक्यानं विचारलं, "पडला कसा?"

"आपोआप पडला." आता ठिपकीचा आवाज ऐकूच येईना.

धुकं म्हणालं, "मी म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. वारा आला, तर थेंबांतले कण सुटे होतील. वाफ होऊन उडून जातील. वाऱ्याला सांग."

वारा झाडाच्या शेंड्यावर पडून होता. निपचित.

"वाऱ्या वाऱ्या, वाहा ना.
वारा वाहेना, धुकं हटेना, ऊन पडेना, पाणी तापेना, तेल वितळेना, तीळ सुटेना,
बिळात बाळं भुकेली."

वाऱ्यानं एक डोळा उघडला. "माझे कण मोकळे आहेत. कुणी कुणाला धरत नाही. पण पहिला धक्का कोण देणार? तोंडातून जोरात शब्द निघाला, तरी पुरे. तू तर पुटपुटतेस. नीट सांग बघू. तीळ पडला कसा?"

खाली भिंतीवर रांग परत आली होती. सगळ्या मुंग्या होत्या. सगळ्यांत थोरली मुंगी, आक्कासुद्धा होती. आता बोललं, की सगळ्यांना ऐकू जाणार. ठिपकीला वाटलं, पानाखाली लपावं.

पण बिळात बाळं भुकेली होती.

ठिपकीनं मान वर केली. तोंड उघडलं.

"तीळ मी पाडला. रांग मी सोडली. मी हसले."

रांग थांबली.

शब्दाचा धक्का वाऱ्याच्या एका कणाला लागला. त्याचा दुसऱ्याला. दुसऱ्याचा तिसऱ्याला. सूं सूं, सूं सूं.

वारा वाहिला. धुकं हटलं. ऊन पडलं. पाणी तापलं. आत्या सानूला घेऊन आली. तिनं वाटी कोमट पाण्यात ठेवली. तेलाच्या कणांनी हात सोडले. तेल वितळलं. सानूनं वाटीत बोट बुडवलं. बोटाला काय चिकटलं? तीळ.

"अगंबाई, तेलात तीळ कुठून आला?" आत्यानं तो अलगद भिंतीवर ठेवला.

ठिपकीनं झाडावरून उतरून तीळ उचलला. आता तोंड बंद. घट्ट बंद. ती रांगेत सगळ्यात मागे जाऊन उभी राहिली. मान पुन्हा खाली.

आक्का मागे आली. म्हणाली, "इथे नाही. माझ्या पुढे चाल."

ठिपकी आक्काच्या पुढे चालली. तुरु तुरु, तुरु तुरु. हसू आलं. पण तिनं ते बिळापर्यंत पोटातच ठेवलं.

तीळ बाळांच्या पोटात,
गोष्ट आपल्या ओठात.